पाचवा धागा

शमीमभाभींचा फोन आला तेव्हा मी तिसऱ्या वर्षाची प्रात्यक्षिकं तपासत होते. म्हणजे एकाचं तपासत होते. बाकीच्या साठ जणांनी त्याच्यावरूनच उतरवलं होतं. भाभींनी सांगितलं की मिरजेच्या हॉस्पिटलातून सरांची जुनी फाइल घरी आली आहे, त्यांनी कागद ठेवणंच बंद केलंय म्हणे, तर आता ही दोन किलोंची फाइल रद्दीत घालू की तुला काही हवंय त्यातलं? मी म्हटलं, थांबा, येते. सांगलीहून मिरज ती केवढीशी. शिवाय मी येणार म्हटलं की भाभी माझ्यासाठी वेगळ्या पातेल्यात, कांदा-लसूण न घालता, काहीतरी करतातच. आम्ही जैन, त्या सतारमेकर. पंधरा वर्षांत त्यांच्या घरचं ते पातेलं माझ्या नावाचं झालंय.

फाइल मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून उलगडली. रक्ताचे रिपोर्ट, सह्या, संमतिपत्रं. अगदी शेवटच्या कप्प्यात एक पारदर्शक पिशवी होती, आणि पिशवीत पांढरे सुती धागे. प्रत्येक धाग्याला एक चिमुकली चिठ्ठी. चिठ्ठीवरचं अक्षर माझं होतं.

मला हसूच आलं. मी धागे ताटलीत काढून ठेवले, जुन्या फोटोंसारखे एकेक बघू लागले. गिळणं. बोलणं. खोकला. झोप. आणि मग अजून एक.

पाच धागे होते. मी इतकी वर्षं माझ्या विद्यार्थ्यांना जी गोष्ट सांगत आले होते ती चार सापळ्यांची होती. भाभींनी समोर शिरा ठेवला, आणि मी धागे पुन्हा मोजले.

हे धागे म्हणजे काय ते सांगायला हवं. त्यासाठी आधी सर सांगायला हवेत.

नियाज सतारमेकर. आडनावावरून मिरजेचा माणूस ओळखेल की हे तंबोरे करणाऱ्यांचं घर. सरांचे वडील आणि थोरले भाऊ आयुष्यभर जवारी लावत, म्हणजे तारांचा झणकार जुळवत, आले. सर मात्र कॉम्प्युटरकडे गेले. आमची कंपनी मिरजेत ‘श्वासिका’ नावाचं यंत्र करायची, आणि त्याचं सॉफ्टवेअर सरांच्या हाताखाली लिहिलं जायचं. मानेचं हाड मोडलं की मेंदूकडून छातीच्या पडद्याकडे जाणारा निरोप तुटतो आणि माणूस श्वास घेऊ शकत नाही. पूर्वी अशा माणसाच्या गळ्याला भोक पाडून नळी घालत, आणि तो खोलीतल्या पंपाला जन्माचा बांधला जाई. श्वासिका काडेपेटीएवढी असते. ती गळपट्टीच्या हाडाखाली बसवतात, तिच्या दोन बारीक तारा पडद्याच्या नसांना जोडतात, आणि मग प्रत्येक श्वासाचा हुकूम ती देते. ती नुसती घड्याळासारखी टकटक करत नाही. माणूस गिळायला लागला की ती थांबते, बोलायला लागला की झटकन खोल श्वास घेऊन सावकाश सोडते. त्यामुळे माणसाला बोलता येतं. सरांच्या बाबतीत सांगायचं तर रागावताही येतं.

कारण सातवी श्वासिका सरांनाच बसवावी लागली. कोल्हापूर रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीवर त्यांची गाडी आदळली. मानेखाली सगळं गेलं. जे यंत्र ते दुसऱ्यांसाठी लिहीत होते तेच त्यांच्या छातीत जाऊन बसलं, आणि पहिल्या आठवड्यात पाणी पिताना त्यांना ठसके लागायला लागले. सॉफ्टवेअरमध्ये कुठेतरी चूक होती. ती शोधायचं काम माझ्याकडे आलं.

चालत्या प्रोग्रामातली चूक शोधायची तर सापळा लावतात. सॉफ्टवेअर म्हणजे शेवटी बाइटांची रांग. ज्या जागी संशय आहे तिथला एक बाइट उचलायचा, बाजूला जपून ठेवायचा, आणि त्याच्या जागी ‘थांब, बोलाव’ असा एक बाइट ठेवायचा. प्रोसेसर तिथे आला की थबकतो आणि सापळा लावणाऱ्याला, म्हणजे डीबगर नावाच्या प्रोग्रामला, हाक मारतो. डीबगर काय ते टिपून घेतो आणि त्याला पुढे जाऊ देतो. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. श्वासाला पत्ता लागत नाही. काम झालं की मूळ बाइट परत जागेवर.

परत जागेवर ठेवायला विसरलं तर? डीबगर निघून गेलेला असतो. प्रोसेसर त्या जागी येतो, थबकतो, हाक मारतो, आणि ओ द्यायला कोणी नसतं.

म्हणून सरांची पद्धत होती. त्यांच्या घरात जवारी लावताना तारेखाली सुती धागा घालतात. तो केसभर मागेपुढे सरकवून तंबोऱ्याचा आवाज उघडतात. तोच धागा त्यांनी आमच्या प्रयोगशाळेत आणला. जिवंत यंत्रात एक सापळा लावला की मनगटावर एक धागा बांधायचा, त्याला चिठ्ठी: पत्ता कुठला, मूळ बाइट कुठला. धागा आपण तोडायचा नाही, दुसऱ्याने तोडायचा. तोही मूळ बाइट परत लिहून, वाचून, त्या वाटेने काम एकदा बिनबोभाट पार पडल्यावर. नव्या पोरी याला गंडेदोरे म्हणून हसायच्या. मी हसले नव्हते. कॅम्पसच्या सात मुलाखतींत माझं इंग्रजी घशात अडकलं होतं, आणि सर हे पहिले, ज्यांनी विचारलं की मराठीत सांगितलंस तर चालेल का. शिरोळच्या पोरीला त्यांनी कर्नल म्हणजे काय ते, यंत्राच्या सॉफ्टवेअरचा गाभा काय ते, मराठीत शिकवलं. त्या माणसाने मनगटाला दोरखंड बांधायला सांगितला असता तरी मी बांधला असता.

त्या दिवशी माझ्या मनगटावर पाच धागे होते. श्वासिकेशी बाहेरून बोलणारी रेडिओची चकती सरांच्या छातीवर धरायला माझीच गरज पडली, आणि अतिदक्षता विभागाच्या दारात सिस्टर रोझलिन वाघमारे उभ्या होत्या. मनगटावर काही चालणार नाही, त्या म्हणाल्या. घड्याळ नाही, बांगडी नाही, दोरा नाही. मी म्हटलं हे धागे वेगळे आहेत. जंतूंना ते कळत नाही, त्या म्हणाल्या, आणि कात्रीने पाचही धागे कापले. आत सरांना ठसका लागला होता. मी धावले. तासाभरात चूक सापडली, दुरुस्त झाली, सर घोटभर पाणी प्यायले, भाभी रडल्या, मी रडले. मग बसून मी आठवेल ते सापळे काढले. गिळणं, बोलणं, खोकला, झोप. ‘चारही काढले सर,’ असं मी अभिमानाने सांगितलं.

पाचवा मी केवळ शंका म्हणून लावला होता, कोणी सांगितलं नसताना. श्वासिकेत दोन बॅटऱ्या असतात. पहिली नऊएक वर्षं चालते, ती संपत आली की गाभा दुसरीवर जातो. ती वाट यंत्राच्या आयुष्यात एकदाच चालायची असते. पाचवा सापळा त्या वाटेवर होता.

*

मी लगेच सांगितलं नाही. हे मला लिहायलाच हवं.

सर घरामागच्या तंबोऱ्यांच्या कारखान्यात होते. अपघातानंतर ते तिथेच बसतात, चाकाच्या खुर्चीत. हात हलत नाहीत, पण कान आणि आवाज शाबूत. कारागीर तार छेडतो आणि सर सांगतात धागा किती सरकवायचा ते. लांबून लोक तंबोरे घेऊन येतात. मी आत गेले आणि म्हटलं, सर, आलेच आहे तर श्वासिका तपासून टाकते, बरेच महिने झाले. कपाटातली चकती काढून त्यांच्या छातीवर ठेवली. वाचायला काही अडचण नसते. वाचायची परवानगी असतेच. मी त्या पत्त्यावर गेले. नऊ वर्षांपूर्वी ठेवलेला सापळा जसाच्या तसा तिथे होता. मग पहिल्या बॅटरीचा आकडा बघितला. यंत्राच्या हिशोबाने बदल अकरा दिवसांवर आला होता.

मी मनात ठरवत होते की तपासणीच्या नावाखाली एकदोन दिवसांत येऊन गुपचूप दुरुस्त करून टाकावं. कोणाला कशाला घाबरवायचं, वगैरे. चोराला कारणं भरपूर सुचतात.

‘ठीक आहे सगळं,’ मी म्हटलं.

‘सुनेत्रा,’ सर म्हणाले, ‘तुझी तार उतरलीय. किती धागे ऱ्हायले?’

मी ताटलीतून आणलेला पाचवा धागा त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. त्यांनी चिठ्ठी वाचली. श्वासिकेचे तीन श्वास गेले. मी मोजले, कारण त्या वेळी मला दुसरं काही ऐकूच येत नव्हतं.

‘माझं कुलूप अजून लागलेलं हाय ना त्या पानाला?’ हा त्यांचा पहिला प्रश्न.

मी म्हटलं, हो. आणि मग मला जे म्हणायचं होतं ते म्हटलं, की सर, चूक माझी आहे.

‘तुझीच हाय की. माझी म्हणलो का मी?’ ते म्हणाले. ‘आता रडून घे पाच मिनिटं. मग काम हाय.’

मी रडले. कारागिराने तोंड फिरवून उगाच एक खुंटी पिळली.

सरांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर घेवाऱ्यांना त्याच दुपारी सांगितलं. ते शांत, नेमकं बोलणारे गृहस्थ. त्यांनी दोन वाटा मांडल्या. यंत्र बंद करून चालू करण्यात अर्थ नव्हता, कारण श्वासिकेची मेमरी वीज गेली तरी पुसत नाही. सापळा तिथेच राहणार, यंत्र उठणार, बॅटरी संपलेली बघून त्याच वाटेने जाणार आणि पुन्हा अडकणार. यंत्र काढून नवं घालायचं तर नऊ वर्षांत नसा त्या तारांभोवती वाढल्या आहेत. तारा सोडवताना नस तुटण्याची भीती अर्ध्याहून जास्त. नस तुटली की गळ्यात नळी, खोलीत पंप, जन्मभर. आवाज जवळजवळ गेलाच म्हणायचं.

सरांनी विचारलं, मग तंबोऱ्यापाशी बसून काय नुसती मान हलवू?

दुसरी वाट म्हणजे चालत्या यंत्रात, कुलूपबंद पानावर, एक बाइट लिहायचा. एकच. डॉक्टर म्हणाले, हॉस्पिटलच्या समितीची तातडीची परवानगी मी आणतो, पण लिहिणाऱ्याला खात्री हवी. आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

*

खात्री मला होती. तीच तर माझी खोड.

मेमरी पानापानांची असते. कुठलं पान कुठे आहे याची एक पत्त्यांची वही गाभ्याजवळ असते, आणि दर पत्त्यापुढे परवानगी लिहिलेली असते: वाचा, चालवा, लिहा. श्वासाचे हुकूम ज्या पानांवर आहेत त्यांच्यापुढे फक्त पहिल्या दोन. तिथे लिहायला कोणी गेलं की प्रोसेसर हात झटकतो, मग लिहिणारा खुद्द गाभा का असेना. हेच सरांचं कुलूप. नऊ वर्षांपूर्वी मी सापळे लावले ते सरांनी स्वतः लिहिलेल्या हत्याराने. पण कंपनी विकली गेली आणि मी कॉलेजात शिकवायला लागले, तेव्हा ते हत्यार तिथल्या यंत्रांबरोबर भंगारात गेलं. आता माझ्याकडे होतं ते कॉलेजातलं. ते सोपं आहे. प्रोसेसरमध्ये एक मुख्य बटण असतं, ते बंद केलं की प्रोसेसर परवानग्या बघायचंच सोडतो. बटण बंद, बाइट लिहा, बटण चालू. दोन क्षणांचं काम. मी दरवर्षी मुलांना हेच शिकवते.

सर म्हणाले, ‘आधी नकारांची यादी वाच.’

प्रोसेसरने ज्यांना ज्यांना हात झटकले त्यांची यादी गाभा ठेवतो. मला वाटलं रिकामी असेल. त्यात दोनशे बारा नोंदी होत्या. सगळ्या एकाच प्रोग्रामच्या: गिळणं ओळखणाऱ्या. पाणी पिता पिता सरांना खोकला आला की हा प्रोग्राम आपल्या जागेच्या एक घर पुढे लिहायला जायचा. ते पुढचं घर श्वासाच्या पानावर होतं. नऊ वर्षांत दोनशे बारा वेळा त्याने श्वासाच्या हुकुमावर कचरा लिहायचा प्रयत्न केला होता, आणि दोनशे बारा वेळा कुलपाने त्याला परत पाठवलं होतं. आम्हाला कोणाला खबरही नव्हती.

कपाटात एक सुटी श्वासिका होती, चाचणीची. भाभी तिला ‘धाकटी’ म्हणतात. तिच्यावर मी माझं हत्यार चालवून बघितलं. मुख्य बटण बंद केलं, आणि त्याच क्षणी सरांनी सांगितल्याप्रमाणे तिला खोट्या खोकल्याचा इशारा दिला. धाकटी दोन वेळा लुकलुकली आणि बंद पडली.

मी तिच्याकडे बघत बसले. दोन क्षण तर दोन क्षण. पण त्या दोन क्षणांत सगळ्या घराची दारं सताड उघडी असतात, आणि आत कोण शिरेल ते आपल्या हातात नसतं. हे मी सरांच्या छातीत करणार होते. मी त्या कुलपाचे मनातल्या मनात आभार मानले, आणि मग पुरेना म्हणून मोठ्याने मानले. कारागीर म्हणाला, मॅडम, कुणाला म्हणताय? सर हसले. श्वासिकेने त्यांना हसायला दोन जादा श्वास दिले.

मग सर सांगत गेले आणि मी लिहीत गेले. कुलूप काढायचंच नाही. पत्त्यांच्या वहीची एक खासगी प्रत करायची, जी फक्त आपल्या प्रोग्रामला दिसेल. त्या प्रतीत एक नवी ओळ घालायची: पान तेच, पत्ता मात्र दुसरा, आणि त्या पत्त्यापुढे लिहायची परवानगी. म्हणजे खोली एकच, पुढच्या दाराला कुलूप तसंच, आणि मागे एक खिडकी, जी आपल्याशिवाय कोणाला माहीत नाही. खिडकीतून हात घालायच्या आधी खोली जागेवर आहे का ते विचारायचं, आणि ‘नाही’ आलं तर कोसळायचं नाही, निमूट परत यायचं. बाइट एकच लिहायचा, कारण एक बाइट एका दमात जातो. अर्धा लिहिला गेला असं होत नाही. मग नवी ओळ पुसायची. एवढ्यावर भागत नाही. प्रोसेसरला नुकतेच वापरलेले पत्ते तोंडपाठ असतात. वहीतून पुसलं तरी त्याच्या डोक्यात खिडकी राहते. म्हणून त्याला ते विसरायला लावायचं. आणि शेवटी पुढच्या दाराने, जुन्या पत्त्यावरून, वाचून बघायचं.

सहा दिवस मी कॉलेजातून रजा घेऊन त्या कारखान्यात बसले. एका हाताला लॅपटॉप, दुसऱ्या हाताला तंबोऱ्यांचे भोपळे. सर एकाच वेळी दोघांना सांगायचे. ‘ओळ पुसण्याआधी थांबू नको’ हे मला असायचं आणि ‘केसभर मागं घे’ हे कारागिराला, आणि एकदा आम्ही दोघांनी उलटं ऐकलं. धाकटीत सगळं नव्याने भरून तिच्यावर मी चारशे वेळा खिडकी उघडली, बाइट लिहिला, खिडकी बंद केली, आणि दर वेळी मधेच खोट्या खोकल्याचा इशारा दिला. ती एकदाही बंद पडली नाही.

एका संध्याकाळी, सूर्यास्ताच्या आत माझं जेवण उरकावं म्हणून भाभी ताट घेऊन कारखान्यातच आल्या तेव्हा, मी त्यांना म्हटलं, भाभी, तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत. त्या म्हणाल्या, ‘त्या दिवशी तू आत पळाली न्हाईस असं झालं असतं तर मी बोलले असते.’ आणि पोळीवर तूप घातलं.

*

परवानगी नवव्या दिवशी आली. दहाव्या दिवशी सकाळी सर त्याच हॉस्पिटलात, वरच्या मजल्यावर. धाग्यांच्या पिशवीवरच्या लेबलावर ‘रो. वाघमारे’ अशी सही होती, म्हणून मी सिस्टर रोझलिनना शोधून फोन केला होता. त्या निवृत्त झाल्या होत्या, तरी आल्या. पांढरी साडी, पांढरे झालेले केस. मी त्यांना विचारलं, तुम्ही ते धागे टाकले का नाहीत?

‘ज्यावर काही लिहिलंय ते मी कधी फेकत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘कुणाचं काय असंल, आपल्याला काय ठाऊक.’

मी त्यांच्या पाया पडले. त्या ओशाळल्या, आणि म्हणाल्या की चकती मी धरते, माझे हात अजून थरथरत नाहीत. मग मी पाचवा धागा माझ्या मनगटावर बांधला. नऊ वर्षं जुना, पिवळट. सिस्टरनी बघितलं. मी थांबले. ‘बांध बांध,’ त्या म्हणाल्या, ‘मी आज ड्यूटीवर न्हाई.’

डॉक्टर हाताने हवा भरायची पिशवी घेऊन सरांच्या उशाशी. भाभी दाराशी. सरांना दिसेल असा लॅपटॉपचा पडदा लावला होता. मी प्रोग्राम चालू केला. पान जागेवर आहे का? आहे. खासगी वही तयार. खिडकी उघडली. आता श्वास सोडून झाल्यावरची लहानशी विश्रांती आली की लिहायचं होतं.

नेमका तेव्हाच सरांना खोकला आला.

घाबरल्यावर तोंड कोरडं पडतं, त्यांनी आवंढा गिळला असणार. पडद्यावर नकारांची यादी एकाने वाढली. दोनशे तेरा. बदमाश प्रोग्राम पुढच्या दाराशी आला होता, आणि पुढच्या दाराला कुलूप होतं. खिडकीचं त्याला माहीतच नव्हतं. डॉक्टरांचा हात पिशवीकडे गेला होता, तो तसाच थांबला. खोकला ओसरला, श्वास आला, श्वास गेला, विश्रांती आली.

लिहिलं. ओळ पुसली. प्रोसेसरला विसरायला लावलं. जुन्या पत्त्यावरून वाचायचा हुकूम दिला.

माझे डोळे इतके भरले होते की मला आकडा दिसेना. तसंही नियमाने तो दुसऱ्यानेच वाचायचा असतो. सरांनी खोल श्वास घेतला आणि चिठ्ठीवर होतं तेच मोठ्याने वाचलं.

‘पाच. पाच.’

सिस्टरनी सवयीने कात्रीसाठी खिसा चाचपला. सर म्हणाले, ‘अजून न्हाई सिस्टर. त्या वाटेनं काम पार पडल्याशिवाय तोडायचा नसतो.’

*

यंत्राने अकरा दिवस सांगितले होते. प्रत्यक्षात तेरा लागले. मधले तीन दिवस तो पिवळट धागा मी आंघोळीतही काढला नाही. कॉलेजात मुलींनी विचारलं, मॅडम, नवस का? मी त्यांना पाच सापळ्यांची गोष्ट सांगितली, पहिल्यांदाच खरी. पुढच्या सत्रापासून मुख्य बटण शिकवणं बंद, हेही सांगितलं.

तेराव्या दिवशी रविवार होता. डॉक्टर घेवारे सकाळपासून पिशवी घेऊन कारखान्यात बसले होते आणि एका अर्धवट तंबोऱ्याला टेकून पेपर वाचत होते. चकती सरांच्या सदऱ्याखाली, पडदा माझ्या मांडीवर. सरांचं लक्ष आमच्याकडे नव्हतंच. एक गायिका तंबोरा घेऊन आल्या होत्या, त्यांना दुपारी परत जायचं होतं, आणि जवारी काही उघडत नव्हती. कारागीर तारेखालचा धागा सरकवत होता.

‘जरा मागं,’ सर म्हणाले. ‘अजून. अजून जरा...’

पडद्यावर पहिली बॅटरी मंदावली. गाभा त्या वाटेला लागला. मी श्वास रोखून धरला. मला तो रोखता येतो.

‘...हां. तिथंच.’

दुसरी बॅटरी चालू झाली होती. सरांचं वाक्य मधे कुठे तुटलंसुद्धा नव्हतं. तार वाजली, आणि तंबोऱ्याचा आवाज त्या लांबट खोलीत भरून राहिला. डॉक्टरांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पेपर खाली ठेवला.

मी नुसतं मनगट वर केलं. सरांना कळलं. भाभी कात्री आणायला उठल्या, तर ते म्हणाले, कात्री कशाला? आमच्या घरात हा धागा कात्रीने कोण तोडतं?

खरंच होतं ते. त्यांचे वडील, भाऊ, सगळे जवारीचा धागा दातांनी तोडत आले. भाभींनी माझा हात धरला आणि सरांच्या तोंडाशी नेला. त्यांनी मान थोडी पुढे केली, धागा दातांत धरला, आणि तोडला. चिठ्ठी माझ्या मांडीवर पडली.

त्यांचा श्वास माझ्या मनगटाला लागला. ऊन होता.